थांबा कुणीही म्हणावं

मी उत्तम जादूगार आहे. असं स्वतःबद्दल बोलताना मान खाली घालायची असते म्हणे. पण मी उभी हयात मान खाली घालूनच काम केलं, उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून, दोन पायांमधल्या काचेतून तळाकडे बघत. तेव्हा आता ती थोडी वर ठेवायचा मला हक्क आहे. तर, उत्तम जादूगार. आणि अशा उत्तम जादूगाराचे दोन्ही हात परवा गुरुवारी दुपारी, ऐन लढाईत, आपोआप वर गेले. पाठीला कुणी पिस्तूल लावावं तसे. मी माझ्या खोलीत खिडकीशेजारच्या खुर्चीत होतो, कानांवर हेडफोन, गुडघ्यांवर शाल, पडद्यावर शत्रूचा शेवटचा किल्ला, आणि माझी जादू अर्धी म्हणून झालेली. माझी मोठी जादू म्हणजे आभाळातून एक दगड खाली येतो, घराएवढा. तो बोलवायला कळ दाबून धरावी लागते, दोन लांब श्वास होईपर्यंत, आणि तेवढा वेळ हलायचं नाही, वळायचं नाही, मागे कोण आलंय ते बघायचं नाही. पहिला श्वास संपला आणि हात उठले. कळ सुटली, दगड वरच्या वर विरला, माझ्या निळ्या पट्टीतली अर्धी ताकद वाया गेली, आणि मी माझ्याच तळव्यांकडे बघत बसलो, जणू ते कुणीतरी माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेलं होतं. तेवढ्यात त्यांचा खंजीरवाला मागून आला. जादूगाराला मारायला खंजीर लागतोच असं नाही, कुणी जोरात खांदा मारला तरी भागतं. मी पडलो, मग आमचा वैद्य पडला, मग सगळेच.

कानात वकिलांचा आवाज आला. हे आमचे वैद्य. दिवसा कोर्टात लोकांची भांडणं लावतात आणि खेळात सगळ्यांच्या जखमा भरतात. "काका, काय झालं? जादू सोडून का दिलीत?"

"कबुतर आलं कळांवर," मी म्हणालो.

"कबुतर?"

"दोन."

"काका, तुमची खिडकी बंद आहे. कॅमेऱ्यात दिसतेय मला."

"तेच तर सांगतोय. बंद खिडकीतून आली."

खारूताई फसकन हसली. ही औषधाच्या दुकानात गोळ्या काढून देते, आमच्याकडे धनुष्य तिचं, आणि बोटं अशी की तिचं नाव तेच पडावं. चौथी हसली नाही. चौथी म्हणजे माझी सून, आमची ढाल, आमची कप्तान. ती भिंतीपलीकडच्या खोलीत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "रविवारी बघू." आणि हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज मला कानातून आणि भिंतीतून असा दोनदा आला.

आधीच्या विजयांच्या जोरावर आम्ही रविवारच्या अंतिम सामन्यात पोचलोच होतो, आणि समोर हेच चौघं येणार होते, म्हणून त्या हरण्यानं तसं काही बुडालं नव्हतं. बुडालं ते दुसरंच. मी कबुतराची थाप मारली तेव्हा माझ्या लक्षात आलं की खरं काय झालं हे मलाही माहीत नाही. थापाड्या माणसाची एक ऐट असते: त्याला खरं ठाऊक असतं, म्हणून तर तो त्यापासून योग्य अंतर राखू शकतो. माझ्या पायाखालची तीच फळी सरकली होती. मी जन्मात खूप काही सांगितलं आहे. माझी क्रेन इतकी उंच होती की हवा स्वच्छ असली तर वरून उद्या दिसायचा. एकदा ढग अडला म्हणून तो हुकाला लावून पलीकडच्या मोहल्ल्यात नेऊन ठेवला, आणि तिथल्या लोकांचे कपडे आठवडाभर वाळले नाहीत. हे सगळं मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण हात का उठले? त्या प्रश्नापुढे मी गप्प. आणि मी गप्प बसलो की आमची ही लगेच थर्मामीटर शोधायला लागते.

आमची ही पोहायला शिकवायची. तलाव सुटला तरी शिट्टी सुटली नाही, आजही घरात बोलते ती पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलल्यासारखी. "अहो, जेवताय की जादू करताय? घास तोंडाजवळ नेऊन थांबवलाय कधीचा!" मुलगा जहाजावर असतो, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. घरात आम्ही तिघं. आणि सून बोलत नाही. म्हणजे भांडण नाही, राग नाही. बोलण्याची गरज तिला कमी भासते, काही लोकांना साखर कमी लागते तशी. ती कानांची तपासणी करते. दिवसभर काचेच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला बंद खोलीत कुणीतरी म्हातारं, कुणीतरी लहान. ती बारीक बारीक आवाज सोडते आणि समोरचा माणूस ऐकू आलं की हात वर करतो. तिचं काम ऐकण्याचं असेल असं मला आधी वाटायचं. पण ती ऐकत नाही, बघते. ती दिवसभर हात बघते. घरी आल्यावर मी तिला अडलेल्या ढगाची गोष्ट सांगायला लागलो की ती पानात बघत जेवायची, मान हलवायची नाही, हसायची नाही, मध्ये प्रश्न विचारायची नाही. आणि श्रोता असा निघाला तर गोष्ट हवेत लोंबकळत राहते, खाली उतरायला जागाच मिळत नाही. ती लग्न होऊन आल्यापासून मी तिला हजार गोष्टी सांगितल्या असतील, आणि त्यातली एकही तिच्यापर्यंत पोचली असं मला वाटलं नव्हतं.

मग एक दिवस ती गळ्यात हेडफोन लटकवून खोलीबाहेर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळा दाबता येतात?" तिच्या संघातला एकजण दुसऱ्या शहरात गेला होता. मी म्हणालो, "अगं, कळा दाबून दाबून निम्मं शहर उभं केलंय मी." ती म्हणाली, "मग या." पडद्यावर कितीतरी रूपं उभी होती, कुणी कुऱ्हाड घेतलेला, कुणी चिलखतात बसून लोखंड झालेला, कुणी दोन सुऱ्यांचा. सगळ्यांच्या मागे, दूर, अंगात पातळ झगा घातलेला एक काटकुळा माणूस लांब काठी धरून उभा होता. मी बोट ठेवलं. "हा तर मीच." खरंच तोच होता. क्रेन म्हणजे दुसरं काय? लांब काठी, आणि तिच्या टोकाला, जिथे स्वतःला कधीच जायचं नसतं तिथे, प्रचंड ताकद. लोक समजतात जादूगार म्हणजे आग आणि विजा. जादूगार म्हणजे अंतर. सगळे जिथे एकमेकांच्या घामाचा वास घेत लढतात तिथे मी नसतो; मी लांबून बघतो, मला अख्खं मैदान दिसतं, आणि जिथे गर्दी होते तिथे मी दगड ठेवतो. एका दगडात चौघांना झोपवण्याचं सुख कुऱ्हाडवाल्याला सात जन्म कळायचं नाही. सुरुवातीला मी कुणाच्या खिजगणतीत नसतो, निळी पट्टी तोकडी, जादू किरकोळ, शत्रू मला बघून वाट बदलायचीही तसदी घेत नाही. पण सामना लांबू द्या. जसजसा वेळ जातो तसा जादूगार चढत जातो, आणि शेवटी शेवटी माझी काठी नुसती हलली तरी ते चौघं भिंतीला पाठ लावतात. म्हाताऱ्या माणसाला याहून सोयीचा पेशा कुठला?

आता उणीव. अंगात पातळ झगा, एवढं म्हटलं की खरं तर सगळं म्हणून झालं. जवळ आलेल्या माणसापुढे जादूगार काहीही करू शकत नाही. त्याची सगळी विद्या लांबच्यांसाठी. खंजीरवाला एकदा मिठीच्या अंतरात आला की मी माझी मोठी मोठी अस्त्रं घेऊन तसाच उभा, घरातल्या माणसाशी काय बोलावं हे न सुचणाऱ्या वक्त्यासारखा. दुसरं म्हणजे वेळ. कुऱ्हाड पडते तेव्हा पडते. माझी जादू आधी म्हणावी लागते, आणि म्हणत असताना मी कुणाच्याही तावडीत सापडतो. तिसरं, जे मला कबूल करायला आवडत नाही: माझी जादू समोरच्याला आधी दिसते. काठी उजळते. हुशार शत्रूला कळतं, आला दगड. गुरुवारच्या त्या संघात एक ढालवाला आहे, त्याच्याकडे आरसा आहे. तो आरसा तो योग्य क्षणी उघडतो आणि तुमचा दगड तुमच्याच डोक्यात परत येतो. आरसा क्षणभरच उघडा राहतो, मग बराच वेळ निकामी. म्हणजे त्याला आधी फसवून उघडायला लावायचा आणि मग खरा दगड टाकायचा. सुरू करायचं, सोडून द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. सांगायला सोपं. पण मला ते आजवर कधीही जमलेलं नाही. एकदा सुरू केलं की मधे सोडणं माझ्या स्वभावात नाही. मुद्दाम सोडायला जातो तर बोट चिकटून बसतं, आणि सोडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही सांगेल तुम्हाला. ढगाची गोष्ट सांगताना पाहुण्यांची गाडी निघून गेली तरी मी रस्त्याच्या कडेला उभा राहून शेवट केला होता.

आणि जादूगाराला पुढे कुणीतरी लागतं. मैदानात माझ्या आणि जगाच्या मध्ये माझ्या सुनेची ढाल असायची, आणि तिथे ती बोलायची! "बाबा, मागे." "डावीकडे, झाडामागे." "आता टाका." घाई असली तर अहोजाहो गळून पडायचं: "मागे! मागे हो!" आणि मला त्या एकेरीचं इतकं सुख व्हायचं की मी मुद्दाम जरा पुढे जाऊन उभा राहायचो. संध्याकाळी जेवायला बसलो की पुन्हा तेच पानातलं बघणं. पण मला चालत होतं. दोन खोल्यांमध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीतून नव्हे तर कुठल्यातरी लांबच्या यंत्रातून फिरून येणारा तिचा आवाज. अंतर होतं म्हणूनच तो येत होता. मी अंतराचाच माणूस.

म्हणून शुक्रवारी वकील घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, आपल्या कोर्टातल्या मऊ आवाजात, "एक दंतवैद्य बाई आहेत, जादूगार खेळतात, बोटं फार वेगवान" असं म्हणाले, तेव्हा मी धास्तावलो ते काही एका सामन्यासाठी नव्हतं. मला बाहेर बसवलं तर संघ जिंकेलही. पण मग भिंत म्हणजे नुसती भिंत उरेल.

"काका, राग मानू नका," वकील म्हणाले. "वय होतं माणसाचं. माझ्या वडिलांचेही हात थरथरायचे."

"थरथरले नाहीत," मी म्हणालो. "वर गेले. थरथरणारे हात खाली राहतात."

"दात काढणारी बाई जादूगार?" ही मध्येच पलीकडच्या काठावरून ओरडली. "ती जवळ गेल्याशिवाय काही करूच शकणार नाही!" माझी बाजू घेऊन बायको बोलली की मला जास्त भीती वाटते.

वकिलांनी कप्तानाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मला आधी बघू दे," ती म्हणाली. त्या रात्री जेवणानंतर तिच्या खोलीतून हरलेल्या सामन्याचे आवाज पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि शनिवारी सकाळी ती गाडीची किल्ली हातात घेऊन म्हणाली, "बाबा, चला. तुमचे कान तपासू."

ती खोली तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. चारी बाजूंनी मऊ भिंती, जाड दार, ते लागलं की जगाचं तोंड बांधल्यासारखं होतं. समोर काच, काचेपलीकडे सून, पांढऱ्या कोटातली, मला तशी कधी न दिसलेली. मी खुर्चीच्या हातांवर हात ठेवून बसलो आणि पहिल्यांदा मला माझ्या रक्ताचा आवाज ऐकू आला. वारा पडलेल्या दिवशी केबिनमध्ये असंच असायचं. खाली शेकडो माणसं, यंत्रं, शिव्या, आणि वर फक्त आपण आणि आपला श्वास. तिथे मला कधी भीती वाटली नाही. इथे वाटली. कान गेले असतील तर ती कसं सांगेल? ती वाईट बोलणार नाही. ती मऊपणानं सांगेल, जसं ती काचेपलीकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगत असेल, आणि मग मला कळेल की इतके दिवस मैदानात जी ढाल माझ्यापुढे उभी होती ती जादूगारापुढे नव्हती, सासऱ्यापुढे होती. मला खंजीर चालेल. दया फार जवळून येते.

बारीक शिट्ट्या वाजायला लागल्या. मी हात वर करत गेलो, एक हात, नीट, शहाण्या मुलासारखा. मग शिट्ट्या थांबल्या आणि तिचा आवाज आला. "आता शब्द म्हणते. नुसते ऐका. काही करू नका." तिने ओठ कागदाने झाकले होते. "भिंत," ती म्हणाली. "चमचा. रस्ता. पाऊल. थांबा."

माझे दोन्ही हात वर होते. मी ते केले नव्हते. खुर्चीचे हात मोकळे पडले होते आणि माझे तळवे डोक्याच्या दोन बाजूंना, पसरलेले. काचेपलीकडे माझी सून हसत होती. मी तिला कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं, खांदे हलेपर्यंत, डोळे मिटून, आणि त्यातला एकही आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. "पुन्हा," ती म्हणाली. "खिडकी. दोरी. थांब." गेले वर. "चहा. थांबव." अर्धे गेले आणि कबुतरासारखे घुटमळले.

आणि त्या मुक्या खोलीत खालचा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. खालचा म्हणजे माझा इशारेवाला. त्याला सगळे खालचा म्हणायचे आणि मला वरचा, आणि आमची खरी नावं आमच्या घरच्यांनाच ठाऊक होती. वरून मला ओझ्याच्या तळाशी काय आहे ते दिसत नसे. तो हातानं सांगायचा. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. खाली करून फिरवली की सोड. हात आडवा, तळवा जमिनीकडे, की थांब. पोटापुढे दोन्ही हात एकात एक गुंतवले की सगळं बंद, काम संपलं, ये खाली. आणि पहिल्याच दिवशी त्यानं मला नियम सांगितला होता, तोंडातली काडी न काढता: "चल फक्त मी म्हणणार. माझा साहेब आला, साहेबाचा बाप आला, तरी ऐकायचं नाही. पण थांब कुणीही म्हणावं. पोरानं म्हणावं, वेड्यानं म्हणावं, रस्त्यावरच्या परक्या माणसानं म्हणावं. का म्हणाला ते विचारायचं नाही. हात काढायचे." क्रेनच्या दांड्यांवरून हात काढून वर केले की दांडे आपोआप मधे येतात आणि सगळं जागच्या जागी उभं राहतं. एकदा एका बाईनं पिशवी उंचावून "थांबा, थांबा" केलं आणि मी अख्खी लोखंडी जाळी शहरावर लोंबकळत ठेवली. बाई बसला हाक मारत होती. बसही थांबली, म्हणून सांगतो. आणि खालच्यानं मला शिवी दिली नाही. नुसता हात कपाळाला लावला, सलाम केल्यासारखा. मग मी ती जाळी इतकी हळू ठेवली की तिच्यावर बसलेली चिमणी उठलीसुद्धा नाही. हे चिमणीचं मी नंतर घातलंय. सलाम खरा आहे.

दार उघडलं आणि जग परत आलं. सून समोरच्या स्टुलावर बसली. "कान माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे," ती म्हणाली. "गुरुवारी खारूताई वकिलांना म्हणाली होती, थांबा, मी येते तिकडे. तेव्हा गेले हात. मागच्या महिन्यातही दोनदा गेलेत. मी सगळं पाहिलं परत."

"मग आता? दंतवैद्य?"

"बाबा, तुम्ही त्यांचा ढालवाला बघितलात का गुरुवारी? तुमचे हात उठले तेव्हा?"

"मी माझे हात बघत होतो."

"त्यानं आरसा उघडला होता. कशावरच नाही. रिकाम्या हवेत." तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "तुम्हाला स्वतःहून सोडता येत नाही. पण सांगितलं की तुमच्याइतकं झटकन कुणीच सोडत नाही. मी एवढे हात बघते रोज. असे हात नाही पाहिले मी."

मी ते हात खिशात घातले. गाडीत बसेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

रविवारी दुपारी, सार्वजनिक वाचनालयाच्या वरचं सभागृह. खाली पुस्तकं वाचणारे लोक गप्प, वर आम्ही आणि तीनचारशे बघे, सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द, निदान मला तसं वाटत होतं. अगं थांब, अरे थांब ना, थांब थांब जागा धर. माझे हात मांडीवर बेडकासारखे उडत होते. समोरच्या लांब टेबलाशी ते चौघं बसले होते, आरशावाला च्युइंगगम चघळत. सून माझ्या डाव्या बाजूला बसली. भिंत नव्हती. तिच्या कोपराचा माझ्या शर्टाला स्पर्श होत होता, आणि मी आयुष्यात प्रथमच इतक्या जवळून जादू करायला बसलो होतो.

"हेडफोन काढा," ती म्हणाली. "आणि हे घाला." तिने खिशातून मेणाचे दोन बोळे काढले, ती आपल्या दवाखान्यात वापरते तसले. "काही ऐकायचं नाही. माझा डावा हात बघायचा."

"काका बहिरे खेळणार?" वकील टेबलाच्या टोकावरून वाकून म्हणाले.

"काका वरून खेळणार," ती म्हणाली. मग मी बोळे घातले, आणि सभागृह दूर, खाली, पायांमधल्या काचेच्या तळाशी गेलं.

सामन्याचं सगळं सांगत नाही. सांगू लागलो तर तुमचीही गाडी जाईल. सुरुवातीला आम्ही मार खाल्ला, जादूगाराच्या संघानं खायचाच असतो. मी झाडामागे, मी खडकामागे, माझी निळी पट्टी थेंबाथेंबानं भरत गेली. खंजीरवाला दोनदा माझ्यापर्यंत आला आणि दोनदा त्याचं तोंड ढालीवर आपटलं. शेवटी त्यांच्या किल्ल्यापुढे सगळे एका ठिकाणी गोळा झाले, मला हवे तसे, आणि मी काठी उजळली. पहिला श्वास. मला आरशावाल्याची ढाल दिसत होती. तो वाट बघत होता. माझं बोट कळेवर असं बसलं होतं की ते आता देवाच्या बापानं सांगितलं तरी निघणार नाही. आणि माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात सुनेचा डावा हात उठला. एका हातानं ढाल धरून ठेवता येते, दुसरा मोकळा असतो. तो हात आडवा झाला. तळवा जमिनीकडे.

मी तो इशारा तिला शिकवला नव्हता. तिने विचारला नव्हता. तो जेवणाच्या टेबलावरचा होता, कुठल्यातरी ढगाच्या नाहीतर चिमणीच्या गोष्टीतला, मी हातवारे करत असताना आणि ती पानात बघत असतानाचा.

माझे हात वर गेले. लख्ख, एका क्षणात, आयुष्यात कधी गेले नव्हते इतके चोख. समोर आरसा उघडला, रिकाम्या हवेत चमकला, आणि मिटला. माझ्याकडे बरोबर अजून एका दगडापुरती निळी पट्टी उरली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. खालच्याकडे बघायचं नसतं, त्याचा हात बघायचा असतो. तिची तर्जनी वर झाली आणि गोल फिरली.

उचललं मी. दोन श्वास, आणि त्या दोन श्वासांत खंजीरवाला माझ्याकडे धावत येताना मला दिसत होता, सुरे उघडे, आणि माझ्या अंगात झगा, आणि मी हललो नाही, कारण चल म्हटलं होतं आणि थांब कुणी म्हटलं नव्हतं. दगड आला. किल्ला, चौघं, खंजीर, सगळं त्याच्याखाली गेलं. समोर आरशावाल्याचं चघळणं थांबलेलं मला दिसलं. बघे उभे राहिले होते, त्यांची तोंडं उघडी होती, आवाज नव्हता. खारूताई वकिलांच्या पाठीवर गुद्दे घालत होती. मी तसाच बसून राहिलो, पूर्वी बसायचो तसा, शेवटचं ओझं ठेवल्यावर, वारा ऐकत. मग माझ्या डावीकडे दोन हात एकात एक गुंतून पोटापुढे आले. काम संपलं. या खाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी हिला सगळं सांगत होतो. "सभागृहाचे दिवे गेले, काळोख, आणि मी नुसत्या वासावरून ओळखलं की आरसा कुठे आहे. दगड असा मोठा की खाली वाचनालयातली पुस्तकं आपोआप मिटली. आणि तो खंजीरवाला, साडेसात फूट उंच, तो माझ्या पायाशी येऊन..."

दारात सून उभी होती. तिने हात आडवा केला, तळवा जमिनीकडे.

मी थांबलो. वाक्याच्या मध्यात, तोंड उघडं, दोन्ही हात वर.

ही आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे. "हे कसं जमवलंस गं तू?" ती म्हणाली. "मी शिट्टी वाजवून वाजवून दमले!"

सून आत आली, खुर्ची ओढून माझ्या समोर बसली, इतकी जवळ की जादूगारानं उठून मागे सरकायला हवं होतं. तिने हनुवटी तळहातावर टेकवली. आणि दुसऱ्या हाताची तर्जनी वर करून, हळूच, गोल फिरवली.